शुक्रवारची शिवण

कारखान्याच्या दुकानात आलेला पोरगा विचारतो,
बाई, खरंच फरक पडतो का या चड्डीने?
की नुसते रंगाचे आणि नावाचे पैसे?
मी बोलत नाही. तोंडात टाचण्या आहेत.

एकोणतीस वर्षं मी हेच शिवतेय.
काळ्या चड्डीच्या आत, जिथे कुणी पाहत नाही,
तिथे बसवायची गादी, उघड्या शिंपल्याच्या आकाराची.
चार सुयांचं यंत्र. शिवण इतकी सपाट
की एक कापड कुठे संपलं, दुसरं कुठे सुरू झालं
ते बोटालाही कळू नये.
दिवसाला एकशे दहा.
मालक म्हणतो, डेल्फीना, तुझ्या हाताला डोळे आहेत.

मी स्वतः सायकलने येते ती झग्यात,
घेर मांडीखाली दाबून, टोपलीत लाल रादिक्योचा गड्डा.
तीन किलोमीटर.
तीन किलोमीटरला कुठलंही कापड चालतं.

मे महिन्यात भाची म्हणाली, मावशी, चल,
पियावेच्या काठाकाठाने समुद्रापर्यंत.
जाऊन येऊन एकशे चाळीस.
दुय्यम मालाच्या खोक्यातून एक चड्डी उचलली मी,
निम्म्या किमतीत. आतल्या पट्टीवर तारीख
आणि माझाच नंबर, सतरा.

पहिले पन्नास किलोमीटर मी स्वतःवर खूश.
घाम येत होता, उडून जात होता,
मांडीला मांडी घासत नव्हती
आणि बूड
(स्पष्टच बोलते, माझी भाकरी त्याच्यावरच चालते)
बूड आपण आहोत हे विसरलं होतं.
एवढंच तर करायचं असतं या चड्डीने,
काही घडू द्यायचं नाही.

समुद्र पाहिला. तळलेली मासळी खाल्ली. परत फिरलो.

सान दोना मागे पडलं, नव्वदावा किलोमीटर,
आणि डावीकडे, आतून, काहीतरी बोलायला लागलं.
आधी तांदळाच्या कणीएवढं.
मग खडा.
मग निखारा.
भाचीला म्हटलं, मागच्या चाकात हवा कमी वाटतेय, थांबू.
मक्याच्या शेताआड जाऊन बोट आत घातलं
आणि बोटाने लगेच ओळखलं.
गादीच्या टोकाशी, दोरा वळतो तिथे,
दोन टाके एकमेकांवर चढलेले.
पट्टीवरची तारीख आठवली. शुक्रवार होता.
साडेचारचा सुमार, घड्याळाकडे एक डोळा.
हात माझा.

त्या शुक्रवारी एकशे दहा झाल्या होत्या.
एक तपासणीत अडकली.
उरलेल्या एकशे नऊ
कुठेतरी, कुणाच्या तरी अंगावर, डोंगर चढताहेत.

राहिलेले पन्नास मी कधी पेडलवर उभी राहून काढले,
कधी उजवीकडे कलून,
आणि कलले तेव्हा बाबा आठवले.
कागदाच्या गिरणीत जायचे, रोज बेचाळीस किलोमीटर,
जाडीभरडी कामाची विजार, घोट्याला कपड्यांचा चिमटा.
सायकलचे वेगळे कपडे? ते हसायचे.
पेडल काय कपडे मारतात?
आणि रात्री जेवताना खुर्चीच्या कडेवर
जेमतेम टेकायचे, एक मांडी हवेत.
आम्हाला वाटायचं, बाबा घाईचे.
आईला ठाऊक असावं.
खालच्या कप्प्यात, चादरींच्या मागे,
मेंढीच्या चरबीची एक डबी असायची.
ती कशासाठी ते आम्ही कधी विचारलं नाही,
ती रिकामी झाली की नवी यायची.

पोरगा अजून उभा आहे.
मी टाचण्या एकेक करून उशीत खोचते,
चड्डी उलटी करून त्याच्यासमोर धरते.
डोळे मीट, म्हणते. बोट फिरव.
सावकाश. टोकापर्यंत.
काही लागलं?

नाही, तो म्हणतो,
आणि डोळे उघडून माझ्याकडे बघतो,
मी अजून उत्तर दिलेलं नाही
अशा चेहऱ्याने.